साडेएकोणीस फुटांचा धक्का

मी होडीचा धक्का बोलतोय. पुण्यात होडीचा धक्का कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. समुद्र नाही, बंदर नाही, आणि नदी म्हणाल तर तिच्याकडे पुलावरून नाक दाबूनच बघायची लोकांना सवय. पण शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं तळं आहे. त्याच्या एका काठाला सोसायट्या, शाळा, बसथांबा असं सगळं शहर येऊन थांबलंय. दुसऱ्या काठाला दहा-बारा घरांची वस्ती आणि एक बंगला. त्या वस्तीच्या काठाला मी उभा आहे. लोखंडी पाइपांचे खांब आणि त्यावर लाकडी फळ्या, एवढाच मी. माझ्यापेक्षा लग्नातलं स्टेज मोठं असतं.

तरी माझ्या लांबीवरून भांडण झालं. ते काय झालं ते सांगतो. माझ्यासाठी नाही सांगत. शैलासाठी सांगतो.

माझा जन्म एका चपलेमुळे झाला. सात-आठ वर्षं झाली असतील. शैला बाळंतपणाला माहेरी गेली होती ती चार महिन्यांची पूर्वा हातात घेऊन परत आली. मे महिना होता. आमचं तळं पावसाळ्यात काठोकाठ भरतं आणि उन्हाळ्यात मागं मागं सरकत जातं. सरकताना मागे गाळ ठेवतं. हा गाळ वरून दिसतो वाळलेला, भेगा पडलेला, पापडासारखा. खाली मात्र भिजवलेल्या कणकेसारखा असतो. शैलाचा नवरा समाधान यानं होडी आणता येईल तितकी आत आणली आणि शैला खाली उतरली. पहिला पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला दुसरा टेकवला तर तोही गेला. ती ओरडली नाही. तिनं पोरीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं आणि तशीच उभी राहिली. सासऱ्यांनी, म्हणजे बापूरावांनी, काठावरून फळी टाकून दोघींना बाहेर ओढलं. पाय निघाले, चप्पल राहिली.

त्या दिवशी शैला एवढंच म्हणाली, "मामा, मी या गाळात पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि पोरीला तर मुळीच ठेवू देणार नाही."

बापूराव तरुणपणी वाशीमकडून पुण्यात आलेले. सगळी नोकरी त्यांनी या तळ्यावरच्या पंपघराची चौकीदारी करण्यात काढली. बोलायचे कमी. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लांब बांबू घेतला आणि काठापासून फुटाफुटावर गाळात खुपसून बघायला लागले. बांबू जायचा तो जायचाच. होडीतून पुढे पुढे जात साडेएकोणीस फुटांवर बांबू खाली जाऊन टणकन लागला. तिथं खडक होता, आणि त्याच्या पुढे भर उन्हाळ्यातही कमरेएवढं पाणी होतं.

"इथपर्यंत न्यायचा," बापूराव समाधानला म्हणाले. "याच्या अलीकडं थांबला तर उपेग नाही."

म्हणून मी साडेएकोणीस फुटांचा. कुणाची हौस नाही, कुणाचा थाट नाही. गाळ जेवढा लांब, तेवढा मी लांब.

माझे पाइप जुन्या बाजारातले. माझ्या फळ्या कसबा पेठेतल्या एका भंगारवाल्याकडून आणलेल्या, शाळेच्या मोडक्या बाकांच्या. त्यावर कर्कटकानं कोरलेली नावं, बदाम, कुणा सरांचं कान मोठे काढलेलं चित्र, सगळं तसंच होतं. पूर्वा रांगायला लागली ती माझ्यावर, आणि अक्षरं ओळखायला शिकली तीही माझ्यावरच. चौदा एप्रिलला माझ्या टोकाला निळा झेंडा लागायचा, आणि वस्तीतली सगळी माणसं नवे कपडे घालून माझ्यावरून होडीत चढायची. त्या दिवशी मला स्वतःला बंदर असल्यासारखं वाटायचं.

बापूरावांनी माझा परवानाही काढला. खासगी धक्का वीस फुटांच्या आत असावा, असा तळ्याचा नियम आहे. परवाना कक्षाचा एक माणूस स्टीलचा टेप घेऊन आला, मला मोजलं, साडेएकोणीस लिहिलं, चहा प्यायला आणि गेला. बापूरावांनी तो कागद ट्रंकेत ठेवला. नियम काय, तो कशासाठी, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ येईल असं त्यांना वाटलंच नसणार. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि वीस फुटांची गोष्ट त्यांच्याबरोबर गेली.

आता शैलाबद्दल सांगतो. शैला ब्लाउज शिवते. समोरच्या काठावरच्या सोसायट्यांतल्या बायका तिच्याकडे कापड देतात. समाधान ठेकेदाराकडे जलपर्णी काढायच्या कामावर. सकाळी सव्वासातला तो पूर्वाला होडीतून समोरच्या काठावर शाळेसाठी सोडायचा आणि तसाच होडी घेऊन कामाला जायचा. दुसरा रस्ता आहे, नाही असं नाही. तळ्याला वळसा घालून सात किलोमीटर. वाटेत खडीमशीन आहे आणि दिवसभर डंपर चालतात. त्या रस्त्यानं पोरीला पाठवायचं शैलाच्या मनातही आलं नाही.

पाण्यानं पाठवतानाही तिच्या जिवाला घोर असायचाच. पूर्वाच्या अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी. होडीत चढेपर्यंत तिचं मनगट शैलाच्या हातात. होडी सुटली की शैला माझ्या टोकाला उभी राहायची, आणि समोरून समाधानचा फोन येईपर्यंत घरात जायची नाही. फोनवर तो एकच शब्द बोलायचा, "पोचली." मग ती श्वास सोडायची. माझ्यावर उभं राहून माणसं पाण्याकडे बघतात आणि मनातलं बोलतात. पायाखालच्या फळ्या ऐकत असतील असं त्यांना वाटत नाही. शैला बोलायची नाही. नुसती उभी राहायची, आणि तिच्या पायांची बोटं फळीला घट्ट धरून असायची. तेवढ्यावरून मला सगळं कळायचं.

असं सगळं बरं चाललं होतं. मग शेजारच्या धक्क्यावरून गडबड सुरू झाली.

शेजारचा धक्का म्हणजे बंगल्याचा. बंगला शुभंकर नावाच्या एका उद्योजकाचा. त्यांचा धक्का साठ फुटांचा आहे. त्यावर छत्री, खुर्च्या, आणि एक पांढरी मोटरबोट झाकून ठेवलेली. ती वर्षातून दोनदा फिरते. त्या धक्क्यावर माझा राग नाही. तो बिचारा दिवसभर एकटाच असतो. पण समोरच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना तो डोळ्यांत खुपायला लागला. साठ फुटांमुळे पक्ष्यांना त्रास होतो, तळं काय यांच्या वडिलांचं आहे का, वगैरे. त्यांनी काठावर एक पाटी लावली. 'तलाव सर्वांचा आहे. ज्यांना तो फक्त आपला वाटतो त्यांनी घरी टब आणावा.' पाटीचे फोटो मोबाइलवर फिरले. तक्रारी गेल्या, बैठका झाल्या. शेवटी परवाना कक्षाला काहीतरी करणं भाग पडलं.

त्यांनी केलं ते असं. तळ्यावरच्या सगळ्या खासगी धक्क्यांच्या मालकांना मोबाइलवर निरोप पाठवला. परवाना नव्यानं घ्या, धक्क्याची लांबी-रुंदी स्वतः लिहून द्या, खाली सही करा. विहित मर्यादेपेक्षा मोठे धक्के काढण्यात येतील. विहित म्हणजे किती, ते निरोपात नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायची गरज नव्हती, आणि ज्यांना माहीत नव्हतं ती म्हणजे आमची शैला.

घरातलं कागदाचं काम तिच्याचकडे असायचं. रविवारी दुपारी ती शिवणाचा टेप गळ्यात घालून आली आणि पूर्वाला काठाकडचं टोक धरायला बसवलं. शिवणाचा टेप पाच फुटांचा. एक टेप झाला की खडूची खूण, पुढचा टेप. मला फार गंमत वाटत होती. आजवर मला सगळ्यांनी तुडवलं, असं जपून कुणी मोजलं नव्हतं.

"किती गं आई?" पूर्वानं विचारलं.

"साडेएकोणीस," शैला म्हणाली, आणि ब्लाउजची मापं लिहायच्या वहीत तिनं ते लिहिलं.

मग तिची पेन्सिल थांबली. तुम्ही शिवणकाम करणारी बाई बघितली असेल तर तुम्हाला कळेल. ती कापड कापताना मापाइतकं कधीच कापत नाही. वर दोन बोटं मार्जिन ठेवते. जास्त झालं तर आत घेता येतं, पण कमी पडलं तर गिऱ्हाईक उभं करत नाही. ही गोष्ट शैलाच्या हाताला इतकी बसलेली की ती तसा विचारही करत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि साडेएकोणीसवर काट मारून बावीस लिहिलं.

समाधान घरी आल्यावर त्यानं विचारलं की बावीस कशाला लिहिलंस.

"फळ्या पावसात फुगतात," ती म्हणाली. "उद्या कुणी मोजायला आलं आणि चार बोटं जास्त भरला तर म्हणतील, खोटं लिहिलं. कमी भरला तर कोण कशाला काय म्हणेल? आपण मार्जिन धरूनच दिलेलं बरं."

समाधानला ते पटलं. खरं सांगतो, मलाही पटलं. आपल्या बाईनं आपल्याला अडीच फूट वाढवलं म्हणून मी तर जरा फुशारलोही होतो.

डिसेंबरमध्ये नोटीस आली. ती माझ्या पहिल्या खांबालाच खळ लावून चिकटवली. आपला धक्का मर्यादेपेक्षा दोन फुटांनी मोठा आहे, तीस दिवसांत पाण्याकडचा दोन फूट भाग काढून टाकावा, अन्यथा धक्का आणि होडी दोन्हींचा परवाना रद्द. शैलानं ती उभ्या उभ्या वाचली. मग खाली बसून वाचली. मग समाधान येईपर्यंत तिथंच बसून राहिली. त्या दिवशी तिनं मशीनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं स्वारगेटजवळच्या परवाना कक्षात गेली. तिथं मी नव्हतो. पण संध्याकाळी शैलानं माझ्या टोकाशी बसून तिच्या बहिणीला, कसबा पेठेतल्या शालूला, फोनवर सगळं सांगितलं, म्हणून मला माहीत.

टेबलामागे बद्रीनाथ नावाचे एक क्लार्क होते. शैलानं त्यांना सांगितलं की साहेब, धक्का साडेएकोणीसच आहे, मी मार्जिन धरून बावीस लिहिलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "धक्का शिवायला टाकला होता का?" मागे रांगेत उभे होते ते हसले. शैला सांगत होती की तिलाही एकदम हसू आलं, आणि मग रडूच आलं.

ती म्हणाली, मग येऊन मोजा ना. ते म्हणाले, मोजायला माणसं असती तर तुमच्याकडून लिहून कशाला घेतलं असतं. तिनं बापूरावांचा जुना कागद पुढे केला, तर ते म्हणाले, नवा अर्ज दिलात तेव्हाच तो बाद झाला. ती म्हणाली, मग मला दुरुस्ती करू द्या. ते म्हणाले, दुरुस्तीची मुदत पंधरा तारखेला संपली. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते शैलानं शालूला दोनदा सांगितलं, एकदा सांगून तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

"हे बघा ताई," बद्रीनाथ म्हणाले, "तुम्ही लिहून दिलंय ते खरं असेल, तर दोन फूट कापा. खोटं असेल, तर खोटी माहिती दिली म्हणून परवाना रद्द. यातलं काय लिहू ते तुम्हीच सांगा. पाहिजे तर अपील करा. निकाल लागेपर्यंत धक्का वापरायचा नाही."

 समाधान एवढंच म्हणाला की शेजारचा साठ फूट आहे, त्याचं काय. बद्रीनाथांनी कागद चाळले. बंगल्याच्या धक्क्याची लांबी वीस फूट लिहिलेली होती. खाली सही होती, सगळं व्यवस्थित होतं. ज्या धक्क्यावरून एवढा गोंधळ झाला तो कागदावर अगदी नियमात बसला होता. तळ्यावरच्या सगळ्यांनी वीसच लिहिलं होतं. बावीस लिहिणारी शैला एकटीच.

फोनवर शालू काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. शैला म्हणाली, "नाही गं, कुणी फसवलं नाही. माझंच हे. मीच लिहिलं."

शनिवारी शुभंकरसाहेब बंगल्यावर आले, तेव्हा शैला कुंपणापाशी जाऊन त्यांना भेटली. तो माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो ताई, वीस लिहायचं असतं. सगळे वीसच लिहितात. मला विचारायचं तरी." शैलानं विचारलं की उन्हाळ्यात चार महिने पोरीला तुमच्या धक्क्यावरून होडीत चढवू द्याल का. ते लगेच हो म्हणाले. त्या दिवशी शैला घरी परत जाताना माझ्यासमोरून जवळजवळ पळत गेली. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. वकिलांनी नको म्हटलंय. वस्तीतल्या माणसांची ये-जा सुरू झाली की कुणाच्या तरी लक्षात येईल, आणि मग कुणीतरी धक्का मोजायला येईल. "तुम्ही समजून घ्याल," असं ते म्हणाले. शैलानं समजून घेतलं. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं समजून घेण्यात चाललंय.

समाधानचं म्हणणं होतं की कुठलीतरी दोन फुटांची फळी कापू, तिचा फोटो काढून पाठवू आणि मोकळं होऊ. शैलानं ऐकलं नाही. एकदा लिहिण्यात चूक झाली तर हे दिवस आले, आता जाणूनबुजून खोटं केलं तर होडीच जाईल. होडी गेली तर खायचं काय? तिच्या बोलण्यात चूक काही नव्हती. घाबरलेल्या माणसाच्या बोलण्यात चूक सापडत नाही, तीच तर अडचण असते.

जानेवारीत कक्षाचा माणूस आला. त्याचं नाव कचरू. पिशवीत करवत, खिशात टेप. एवढ्या दिवसांनी शेवटी टेप आला. शैला त्याच्यामागे मागे चालत म्हणाली की दादा, एकदा मोजा तरी. कचरूनं मला मोजलं. मग परत मोजलं. मग तो उभा राहिला आणि डोकं खाजवायला लागला.

"बाई, हा तर आधीच कमी आहे."

"तेच तर सांगतेय मी सगळ्यांना."

त्यानं साहेबांना फोन लावला. पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. कचरू नुसतं हां, हां करत होता. फोन ठेवून त्यानं खिशातला कागद काढून शैलापुढे धरला. "माझ्या कागदावर दोन फूट काढा असं लिहिलंय. किती आहे ते मोजा असं नाही लिहिलेलं." मग तो म्हणाला, "काठाकडून कापू का? तुमची सोय होईल." पण कागदावर 'पाण्याकडचा भाग' असंही लिहिलेलं होतं, आणि फोटो पाठवायचा होता.

कापताना तो फार हळू कापत होता. मला दुखलं का, असं विचाराल तर लाकडाला दुखत नाही. पण खडकावर टेकलेले माझे पुढचे दोन खांब जेव्हा उपटले, तेव्हा माझा आधारच गेला. कापलेला तुकडा कचरूनं फळीवर ठेवला, त्याला टेप लावला, फोटो काढला. बरोबर दोन फूट. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

मी साडेसतरा फुटांचा झालो.

जानेवारीत काही कळलं नाही. पाणी वरपर्यंत होतं, होडी माझ्याजवळ येत होती. समाधान म्हणालाही की उगीच घाबरलीस. फेब्रुवारीत पाणी उतरायला लागलं. मार्चमध्ये मी जिथं संपत होतो तिथं खाली नुसता गाळ होता. होडीचा तळ त्यात रुतायचा नाहीतर खडकाला लागायचा, आणि तिला बांधायला पुढचे खांबही उरले नव्हते, म्हणून समाधानला ती चार-पाच फूट लांबच थांबवावी लागायची. मधे ते एक फळी टाकायचे. एक टोक माझ्यावर, एक टोक होडीच्या काठावर. समाधान होडीतून हात पुढे करायचा, शैला इकडून हात धरून ठेवायची, आणि पूर्वा त्या फळीवरून जायची. चार पावलं. रोज ती चार पावलं होईपर्यंत शैलाचा श्वास अडकलेला असायचा, आणि खरं सांगतो, माझाही.

परीक्षेचा तिसरा दिवस होता. गणिताचा पेपर. पूर्वाच्या एका हातात पॅड होतं म्हणून तिनं आईचा हात एक पाऊल आधी सोडला. त्याच वेळी होडी जरा सरकली आणि फळीचं टोक सुटलं. पूर्वा खाली गेली. उंच नव्हतं काही. पण ती उभीच्या उभी गाळात गेली, मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. लाइफ जॅकेट पाण्यासाठी असतं, गाळात त्याचा उपयोग नाही. ती शिट्टी वाजवायला लागली. आईनं शिकवलं होतं की काही झालं तर शिट्टी वाजवायची, म्हणून समोर आई असतानाही ती शिट्टीच वाजवत होती.

समाधाननं होडीतून उडी टाकली, तर तोही रुतला. शेवटी शैला माझ्यावर पालथी पडली, दोन्ही हात खाली सोडून पूर्वाचं जॅकेट धरलं, आणि समाधान खालून रेटत होता. पाच मिनिटं लागली असतील. मी तिच्या पोटाखाली होतो. तिचं काळीज कसं चाललं होतं ते मला फळीतून कळत होतं. मी दोन फूट पुढे असतो तर काहीच झालं नसतं. खाली माझी जागा तशीच मोकळी होती.

पूर्वाला काही लागलं नव्हतं. अंगाला नुसता चिखल. रडत होती ती पेपर बुडाला म्हणून.

शैला रडली नाही. तिनं पोरीला अंघोळ घातली, जेवू घातलं. समाधान म्हणत राहिला की अजून तीनच महिने, पाऊस झाला, पाणी वाढलं की होडी पुन्हा लागेल. शैला म्हणाली, "आणि परत उतरेल. दर वर्षी उतरेल. दर वर्षी चार महिने मी तिला असं नेणार का?"  मग म्हणाली, "शालूला फोन लावा. मी बोलते."

शालूचं घर म्हणजे कसबा पेठेत दोन खोल्या. तिला मूल नाही, नवरा समजूतदार. शाळा हाकेच्या अंतरावर, वाटेत पाणी नाही, डंपर नाही. राहिलेले पेपर समाधाननं वळशाच्या रस्त्यानं, कुणाकुणाच्या गाडीवर बसवून नेले. मग दाखला काढला, आणि मेच्या शेवटी पूर्वा मावशीकडे राहायला गेली. रिक्षानं गेली, रस्त्याच्या बाजूनं. मला ती जाताना दिसलीही नाही. होडीनं गेली असती तर दिसली असती.

आता निम्मा जून झालाय. पाणी अजून खालीच आहे. समाधान होडी आता दूर शेतकऱ्यांच्या बांधाला लावतो आणि गुडघाभर चिखल तुडवत घरी येतो. माझ्यावर कुणी येत नाही. मागच्या आठवड्यात कक्षातून नवा परवाना आला, आणि त्याच्याबरोबर पत्र्याची एक पाटी. ती माझ्या पहिल्या खांबावर ठोकली आहे. 'अधिकृत खासगी धक्का. लांबी वीस फूट.' बावीसमधून दोन गेले की वीस राहतात, त्यांचा हिशेब चुकलेला नाही. बंगल्याच्या धक्क्यालाही तशीच पाटी आहे, तोच आकडा. साठ फुटांचा तो, साडेसतरा फुटांचा मी, आणि पाट्या वाचल्या तर आम्ही दोघं जुळे भाऊ. फिरायला येणारी मंडळी म्हणतात की चला, नियम तरी पाळला गेला.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. धक्क्याचं कोण ऐकणार? पण तुमच्यापैकी कुणी टेबलामागे बसत असाल, आणि पुढे एखादी बाई कागद घेऊन उभी राहिली, आणि म्हणाली की साहेब एकदा येऊन बघा, तर उठा. फार लांब नसतं. एक टेप पुरतो. मला परत लांब करा असंही मी म्हणत नाही. नुसतं मोजा.

काल संध्याकाळी खूप दिवसांनी शैला माझ्यावर आली. कापलेल्या टोकाशी बसली आणि तिनं पूर्वाला फोन लावला. शाळेचा पहिला दिवस होता. डबा खाल्लास का, बाकावर कोण बसतं, मावशीला त्रास नाही ना देत, रस्ता ओलांडताना हात धरतेस ना, घरी एकटी गच्चीवर जाऊ नकोस. एकामागून एक चाललं होतं. पलीकडून पूर्वाचा आवाज आला, चांगला खणखणीत. मला फळीपर्यंत ऐकू आला.

"आई, तू नको ना काळजी करूस. इथं पाणीच नाहीये. नळाला येतं तेवढंच."

शैला म्हणाली, "बरं."

फोन बंद झाल्यावरही ती बसूनच होती. पुढचे खांब गेल्यापासून माझं टोक जरा हलतं. वारा आला की हलतं, पाखरू बसलं तरी हलतं. काल वारा होता. ती उठून घरात जाईपर्यंत मी सगळा जोर लावून धरला, आणि हललो नाही.